न्हाणीघराची कडी

बँकेतल्या बाकावर माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. त्यांच्या घरकर्जाच्या सवलतीच्या दराची मुदत संपत आली होती आणि काउंटरवरून बोलावणं येण्याआधी नवा दर ठरवायचा होता.

"पाच वर्षं एकच दर बांधून घेऊ. हप्ता हलणार नाही, डोक्याला ताप नाही."

"अहो, म्हणजे अजून पाच वर्षं त्याच घरात? न्हाणीघराला कडी नाही त्या?"

"बसवतो म्हटलं ना."

"सवलत सुरू झाली तेव्हाही म्हणाला होतात. सवलत संपत आली, तरी मी रोज आत गातेच आहे, कोणी दार ढकलू नये म्हणून."

"मग बदलता दर घे. वाटेल तेव्हा कर्ज फेडून घर विकता येईल."

"आणि दर चढला तर? तुम्ही तर आत गातही नाही, नुसते खोकता. परवा सासूबाई औषधाची बाटली घेऊन दाराशी उभ्या."

"अगं, खरं सांगू? कडी मी कधीच आणून ठेवलीय. माळ्यावर आहे."

"आणि बसवली नाहीत?"

"बसवली असती तर तुझं गाणं बंद झालं असतं."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तेवढ्यात काउंटरवरून हाक आली.

"या, ताई. काय ठरलं? पाच वर्षांचा दर बांधायचा ना?"

"साहेब, दहा वर्षांचा मिळेल का हो?"