बाहेर गेलेली रेघ

माझ्या सोळा सोमवारांच्या उद्यापनाला गंजाडच्या नणंदबाईंनी अटच घातली होती बघा. "छापील बोलावणं आलं तर मी येणार नाही. हाताने लिही."

त्यांच्याशिवाय उद्यापन गोड कसं लागणार? सूनबाई म्हणाली, "आई, कम्प्युटरवर हाताने काढल्यासारखी अक्षरं करते." तिने बारीक रेघांनी अक्षरं भरली, एक रेघ मुद्दाम बाहेर जाऊ दिली. धुक्यातून उमटावं तसं महादेवाचं नाव, मी बघतच राहिले.

नणंदबाई आल्या. "किती रेघा ओढल्यास गं."

व्रतात खोटं कसं बोलू? "वन्सं, सूनबाईने कम्प्युटरवर काढल्यात."

"ठाऊक आहे. आमच्या शेजारणीला तू पाठवलेल्या पत्रिकेतही तीच रेघ तिथेच बाहेर गेलीय."

"मग आलात कशा?"

"माझ्या रुसव्यापायी पोरीने चांगली अक्षरं बिघडवली. एवढं कोण करतं? चल, पानं वाढ."