काकांची ऑक्टोपसची लिंक

अरे, आमच्या शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या मित्राचे, मंदारचे बाबा रोज सकाळी कसल्यातरी मजेशीर बातमीची लिंक टाकायचे. एकदा त्यांनी ऑक्टोपसची एकच लिंक लागोपाठ तीन दिवस टाकली. मी सगळ्यांसमोर लिहिलं, "काका, नवीन स्टॉक संपला का?" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

त्यानंतर काकांची लिंक आलीच नाही. महिन्याभराने मंदार भेटला तेव्हा म्हणाला, "बाबांना विसरण्याचा आजार निघालाय, यार."

मी तसाच त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "काका, पाठवा ना लिंक."

"नको, नको," ते घाबरून म्हणाले. "आधीच पाठवलेली असली, तर सगळे परत हसतील."

माझं नाव त्यांना आठवत नव्हतं. ते हसणं मात्र आठवत होतं.