गुणाजीचा प्रवेश

थोरल्या नातवाचं लग्न झालं, त्या वर्षी मी लांज्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघत होतो. बाजूला कॉलेजची एक मुलगी प्रवेशाची पत्रकं वाटत होती. आमच्या वाडीतला गुणाजी तिच्याजवळ जाऊन बसला.

“बाय, हॉटेलच्या कोर्सला माझं नाव घाल.”

“आजोबा, तुमचं? नोकरीची हमी नाही हं. तसं सांगून मुलं गोळा करायची नाहीत, असा आमचा नियम आहे.”

“काल दुसऱ्या कॉलेजचा पोरगा दुबईला पाठवत होता. वर बॅग फुकट.”

“आम्ही प्रवेशाआधी काहीच फुकट देत नाही.”

“तू खरं बोलतेस. लिही नाव.”

“अहो, वय काय तुमचं?”

“अठ्ठ्याहत्तर. अट नाय म्हणून छापलंय ना?”

“नाही अट. पण दोन वर्षं शिकून करणार काय?”

“चहा. बायको गेली, कमळा, तेव्हापासून शेजाऱ्यांकडे पितो.”

“एवढंच? चहा मी आत्ता शिकवते.”

“फुकट?”

“फुकट.”

“प्रवेशाआधी?”

“अगंबाई!”

“नियम मोडलास तर तुझी नोकरी जाईल गो. आधी नाव लिही.”

गुणाजी दुसऱ्या वर्षाला असताना, तुळशीच्या लग्नाच्या दिवशी वारला.