जिंकलो मी, अडवलं राउटरने

…नाही हो, गुरुवारीच सुरू झालं ते… की बुधवारी? छाया म्हणते मंगळवार, आणि आमची ही इतक्या खात्रीने काही बोलली की मला माझं स्वतःचं नाव आधार कार्डावर तपासून बघावंसं वाटतं! पण तुम्हाला सांगतो, वार कुठलाही असो, त्या राउटरने माझा छळ मांडला तो चार दिवस, एवढं पक्कं… बहुतेक चार.

आता तुम्ही म्हणाल, कर्जतला निवृत्त होऊन बसलेल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला असली हौस कशाला? हौस कसली! मोहोपाड्याचा माझा मित्र येसाजी, कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात आयुष्य गेलेला, काही वर्षांपूर्वी पडला आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. तेव्हा चाळीस वर्षं आम्ही रविवारी बुद्धिबळ खेळत होतो. नियम एकच, जिंकलेल्याने घरी पट मांडून बसायचं आणि पुढच्या रविवारी हरलेल्याने त्याच्या दारात जायचं, चौक गावाला गाडी बदलत, धक्के खात! आणि गेल्या डावात जिंकलो होतो मी! चाळीस वर्षांत असं फार वेळा झालेलं नाही, त्यामुळे हे मात्र नीट आठवतं.

येसाजीला तर उठता येईना, म्हणून आम्ही कॉम्प्युटरवरचा खेळ घेतला. तिथेही तीच तऱ्हा, एकाने पट मांडायचा, दुसऱ्याने तिकडून यायचं. मी ऐटीत पट मांडला. येसाजी आला, आणि माझ्याच राउटरने त्याला दारात अडवलं! लगेच फोन.

“काय रं मास्तर, दार बंद हाय तुजं! एकदा जिंकलास आन् कडी लावून बसलास व्हय?”

“अरे, मी नाही लावली, त्या यंत्राने…”

“यंत्राला नको सांगू. ह्या रविवारी नाय जमलं तर पट माळ्यावर टाकतो मी. किती रविवार ऱ्हायलेत रं आता आपल्याकडं?”

शेवटचं वाक्य तो हसत म्हणाला. मला काही हसता आलं नाही.

मग मी रूपालीला फोन लावला. खालापूरची, माझी जुनी विद्यार्थिनी, आमच्या भागात इंटरनेटची जोडणी तीच देते. ती म्हणाली, “सर, सोपंय. दार कायमचं उघडं ठेवू या.” कायमचं? अहो, कुलूप लागलं की नाही ते बघायला स्टेशनवरून घरी परत येणारा माणूस मी! “मग पोर्ट ट्रिगरिंग करा,” ती म्हणाली. “म्हणजे दार एरवी बंद. आतून कोणी ठरलेल्या वाटेने बाहेर पडलं की तेवढ्यापुरतं उघडतं, बाहेरच्याला आत घेतं, आणि सामसूम झाली की आपलं आपण लागतं.” वा! ही युक्ती माझ्यासारख्याच कुणा भित्र्या माणसाला सुचली असणार!

पण बसवायची कशी? एक आकडा बाहेर जायच्या वाटेचा, दुसरा आत यायच्या वाटेचा. मी भरले, मग शंका आली, खोडले, पुन्हा भरले. दर वेळी राउटर बंद करून चालू. तिकडे छायाची मालिका अडकायची. “अहो, तुमचं दार उघडेपर्यंत माझी सून सासू झाली हो!” आता हिला काय सांगू, की जिंकलो होतो मी?

रविवार उजाडला. पट मांडला. येसाजी येतोय, अडकतोय, शिव्या देतोय. “टाकू का माळ्यावर?” मी घामाघूम. पुन्हा रूपाली.

“सर, तुम्ही आतून बाहेर गेलात का? आधी कोणीतरी बाहेर पडायला हवं, त्याशिवाय ते उघडायचं नाही.”

“मी कशाला जाऊ? जिंकलोय मी!”



“सर… राउटरला ते माहीत नाही.”

रूपालीचा फोन ठेवून येसाजीला म्हटलं, “तू मांड पट, मीच येतो.” बटण दाबलं, आणि तुम्हाला सांगतो, पुढच्या क्षणी मी मोहोपाड्यात! पट समोर, प्यादी उभी!

“आलास व्हय रं? म्हंजी गेला डाव हरलास, कबूल केलंस!”

“अरे, जिंकलो होतो मी!”

“दारात कोण आलं? मग?”

आणि बाविसाव्या चालीत मला मातही दिली त्याने. पट काही माळ्यावर गेला नाही. हाड जुळलं, काठी घेऊन तो हिंडायलाही लागला, आणि मी? मी सकाळी फिरायला येणाऱ्या झाडून सगळ्यांना पुढची कित्येक वर्षं समजावत होतो, की पोर्ट ट्रिगरिंगने आमचा डाव कसा वाचवला!

आणि परवा जुना राउटर बदलायला रूपाली आली. आत बघून म्हणते, “सर, आकडे भरलेत, पण ‘चालू’वर खूणच केली नव्हती. ट्रिगरिंग कधी चालूच झालेलं नाही.”

“मग त्या रविवारी…?”

“तुम्हीच गेलात ना काकांकडे? बाहेर जाणाऱ्याला ते लागतच नाही. आणि काकांकडे राउटर नव्हता, तार थेट कॉम्प्युटरला जोडलेली. त्यांचं दार उघडंच होतं.”

माझा विश्वास बसेना. राउटरचं माहितीपुस्तक शोधून काढलं, दोनदा वाचलं. अक्षरन् अक्षर बरोबर होतं तिचं… आणि याच रूपालीला अकरावीत भौतिकशास्त्रात मी नापास केलं होतं! आता तो पेपर कुठे मिळणार पुन्हा तपासायला?