गाडीला ओरखडासुद्धा नाही

...नाही, पण मी म्हणतो, मयताला आलेल्या माणसांनी आधी मोटार बघायला जावं का हो? तुम्हाला सांगतो, माझी बायको, क्लेमेंटीन, घरात पेटीत, आणि बाहेर अख्खं गिरीज गाव शेजारच्या फर्डिनंडच्या गाडीभोवती! आदल्या दिवशी क्लेमेंटीनला घेऊन माडावर आदळलेली तीच गाडी. तीच घेऊन आला होता मयताला... चालू होती ना! कोणी बंपर चोळतंय, कोणी बॉनेट वाजवतंय... "काय लोखंड आहे! ओरखडासुद्धा नाही!"

अहो, तेच तर! वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतोय मी. गाडी थांबते, आतला माणूस थांबत नाही, तो त्याच वेगानं पुढे जातो, आणि गाडी जरासुद्धा चेपली नाही तर तो धक्का खायचा कोणी? सीटला बांधायच्या पट्ट्याचं नाव काढलं, तर फर्डिनंड म्हणतो, "मास्तर, माणसाला बांधून न्यायला तो काय बैल आहे?"

वर्ष सरलं. त्र्याऐंशीच्या मे महिन्यात आमच्या रोझमेरीचं लग्न ठरलं, आणि फर्डिनंड दारात हजर! "मास्तर, नवरी माझ्याच गाडीतून चर्चला! पुढच्या सीटवर! सगळ्यांना दिसली पाहिजे!"

पुढच्या... त्याच सीटवर?

"घाबरता काय? ओरखडासुद्धा..."

मी आत गेलो. दोन अंडी आणली. एक ठेवलं पितळी डब्यात, दुसरं बुटांच्या खोक्यात, केळीचा सुका पाला कोंबून, आणि दोन्ही दिली जिन्यावरून खाली टाकून. डबा ठण्णकन! उघडतो तर आत नुसता बलक. खोक्याचा पार चेंदामेंदा, पण अंडं... अहो, अख्खं! म्हटलं, आता तरी पटेल? तर फर्डिनंड डबा उचलतो, उलटासुलटा करून बघतो, आणि काय म्हणतो... "बघा मास्तर! ओरखडासुद्धा नाही!"

रोझमेरीनं मात्र त्या बलकाकडे बघितलं. मग म्हणाली, "पप्पा, चर्च असं कितीसं लांब आहे? चालत जाऊ."

गेलो. पुढे बँड, मागे आम्ही बापलेक, आणि आमच्या मागून रिकामी गाडी, हॉर्न वाजवत! आणि ओट्याओट्यांवरून लोक काय म्हणत होते, सांगू?

"एवढी गाडी दारात असून पोरीला उन्हातून चालवतोय! क्लेमेंटीन असती, तर असं होऊ दिलं असतं का?"