कोरड्या पायांचा मंत्री

(सिंगापूर, पासिर रिस, ब्लॉकखालचं कॉफी शॉप. नोव्हेंबर २००८, सकाळ. निवृत्त कॅप्टन पांडुरंग दामले आणि त्यांची सून नीता. मध्ये टेबलावर दोन चहा.)

पांडुरंग : म्हणजे घोड्यावरचा माणूस?

नीता : घोडदळातला. कॅप्टनच होता, पण घोडदळात. लढाईत जखमी झाला, मग युद्धखात्याच्या कचेरीत बसला, मग तंबाखूचा व्यापार. आणि १७९८ साली अमेरिकेनं नवं नौदलखातं काढलं तेव्हा मंत्री म्हणून ह्याला बसवलं. देशाचा पहिला नौदलमंत्री, बेंजामिन स्टॉडर्ट.

पांडुरंग : स्टॉडर्ट तर जहाज आहे. पर्ल हार्बरला पाहिलंय मी. विनाशिका. देखणी होती.

नीता : त्याचंच नाव दिलं होतं तिला. भंगारात काढली आणि ओढून नेताना वाटेतच बुडाली.

पांडुरंग : तंबाखूवाल्याचं नाव दिलं की दुसरं काय होणार.

नीता : बाबा, तुम्ही माझी उलटतपासणी घेताय की मस्करी करताय?

पांडुरंग : दोन्ही. तुझे कॅप्टन दोन्ही करणार. सवय कर. बोल, अकाउंट्समधून उठून कंपनीच्या जहाजांचा अख्खा ताफा चालवायला निघालीस. समुद्रावर किती काळ काढलास?

नीता : एक फेरी. लग्नानंतर, सारंगबरोबर. सगळा वेळ उलट्या.

पांडुरंग : हे सांगू नकोस त्यांना.

नीता : त्यांना माहीत आहे. सारंगनंच सांगितलंय सगळ्यांना. पण कुठलं जहाज कुठं उगाच रेंगाळलं, हे मला ऑफिसात बसून कळतं. कॅप्टन लिहितात, हवा खराब होती.

पांडुरंग : असते कधीकधी.

नीता : दर वेळी फुकेतलाच?

पांडुरंग : हं. पुढे. त्या तुझ्या मंत्र्याला कुणी विचारलं नाही, तू कोण आम्हाला सांगणारा?

नीता : तो पहिली पसंतीही नव्हता. आधी ज्याला नेमलं, त्यानं नको म्हटलं. माझंही तसंच आहे, कॅप्टन शैलेंद्रनी नाही म्हटलं म्हणून डायरेक्टर माझ्याकडे आले. ते अमेरिकेतल्या जॉर्जटाउनचे, स्टॉडर्टच्या गावचे. त्यांनी नाव सांगितलं, मी लायब्ररीत जाऊन वाचून काढलं. स्टॉडर्टचा एक नावाजलेला कॅप्टन तर दुसऱ्याला ज्येष्ठ ठरवलं म्हणून राजीनामा पाठवून मोकळा झाला.

पांडुरंग : बरोबर केलं.

नीता : नंतर परत आला.

पांडुरंग : तेही बरोबर. आम्ही असेच. पण ह्यानं खुर्चीत बसून केलं काय?

नीता : सरकारी परवाना घेतलेले फ्रेंच लुटारू कॅरिबियनमध्ये अमेरिकेची व्यापारी जहाजं पकडत होते. ह्यानं आपल्या युद्धनौका घरच्या किनाऱ्यावर राखण करत बसवल्या नाहीत. जिथं लुटारू, तिथं पाठवल्या. व्यापारी जहाजांना सोबत दिली. सुरुवातीला हाताशी मोजकी जहाजं होती, तीन वर्षांत पन्नासच्या घरात नेली. गोद्यांसाठी जागा घेतल्या.

पांडुरंग : आणि शेवट?

नीता : शेवट वाईट. हात पोळले. पण स्वतःच्या जमिनींच्या व्यवहारात, खात्यात नाही.

पांडुरंग : ठीक. आता खरा प्रश्न. घरातला कॅप्टन बायकोच्या हाताखाली कसा राहील?

नीता : त्याचा पगार, बढती डायरेक्टरच बघणार. ते मी आधीच ठरवून घेतलंय. आणि हा प्रश्न तुमचा नाही, सारंगचा आहे. काल फोन आला ना तुम्हाला?

पांडुरंग : तुला कुणी सांगितलं?

नीता : इतक्या वर्षांत तुम्ही मला एकदाही बाहेर नाश्त्याला आणलेलं नाही.

पांडुरंग : इथला काया टोस्ट, नारळाच्या जॅमचा, चांगला असतो.

नीता : काय म्हणाला?

पांडुरंग : म्हणाला, तिला नको म्हणायला लावा. बाकीचे कॅप्टन हसतात म्हणे. घरी तीच, ऑफिसात तीच.

नीता : आणि तुम्ही?

पांडुरंग : बघतो म्हटलं. बघतोय. समज, तू हो म्हणालीस. पहिला हुकूम कुठला?

नीता : सारंगला थांबवायचं. तो आज फुजैरा बंदरातून निघणार आणि एडनच्या आखातातून एकटाच जाणार. जहाज वेगवान आहे, चाचे आपल्याला गाठू शकत नाहीत म्हणतो. गेल्या महिन्यापासून आपलं भारतीय नौदल तिथं व्यापारी जहाजांना सोबत देतंय. त्यांच्याबरोबर जायचं.

पांडुरंग : माल उशिरा पोचेल.

नीता : पोचू दे.

पांडुरंग : तो ऐकणार नाही. त्याच्या जागी मीही एकटाच गेलो असतो.

नीता : म्हणून विचारणार नाही, सांगणार आहे. आजवर ऑफिसनं कुणाला सांगितलंच नाही, कॅप्टन म्हणेल ते. मी आता नको म्हटलं, तर तो संध्याकाळी निघेल. बोला, नको म्हणू?

पांडुरंग : डायरेक्टरना कळव.

नीता : काय कळवू?

पांडुरंग : अगं, हो म्हणून कळव.

नीता : थांबा... गेला मेसेज.

पांडुरंग : आणि हा बघ, त्याचाच फोन. स्पीकरवर टाकतो. बोल रे.

सारंग : बाबा, पटलं का तिला?

पांडुरंग : मला पटलं.

सारंग : म्हणजे?

नीता : सारंग, मी बोलतेय. ताफा आता माझ्याकडे आहे. आज निघायचं नाही. नौदलाच्या सोबतीनं जायचं. लेखी ऑर्डर तासाभरात येईल.

सारंग : नीता, माझं जहाज सोळा नॉट्सनी धावतं.

नीता : धावत होतं. गेल्या फेरीत तेराच्या वर गेलेलं नाही, आणि तेल मात्र सोळाचं जाळतंय. तळाला शेवाळ धरलंय.

पांडुरंग : खरं का रे?

सारंग : थोडं धरलंय.

पांडुरंग : आणि असा निघाला होतास?

सारंग : बाबा, तुम्ही कुणाच्या बाजूचे?

पांडुरंग : मी निवृत्त आहे. ऑफिसशी बोल.

सारंग : बरं. कॅप्टन थांबतो. नवऱ्यासाठी वेगळं काही?

नीता : वेगळं नाही. हेच.