बाहेरच्या बाकावरची चौकशी

आदरणीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरची थोर मंडळी, आज ज्यांना निरोप द्यायला जमलोय ते डॉक्टरसाहेब, आणि जेवणाच्या वासाने मागे वळून पाहणारे मित्रहो,

आम्ही पुलापलीकडचे. संख्येने मूठभर, भाषा वेगळी, आणि तुमच्या इस्पितळावर विश्वास म्हणाल तर चवीपुरता.

आत्याच्या छातीत गाठ निघाली. साहेब म्हणाले, ऑपरेशन करू. थोरले काका म्हणाले, "बाहेर बाकावर यांच्या गावातली एक बाई बसते. तोच आजार. तिला नुसती औषधं, आपल्याला सुरी. का बरं?"

खरंच, का बरं? आमच्याकडे दुखणं बाईचं असलं तरी निकाल पुरुष देतात. निकाल लागला: आत्याला घरी न्यायचं.

मी नुकताच ट्रकवरून हिंडून आलो होतो. पहिल्यांदा समुद्र पाहिला होता, काय सांगू... असो. चार भाषा मोडक्यातोडक्या येतात म्हणून आत्याने मला बाजूला घेतलं. "भटक्या, त्या बाईशेजारी बस. खरं काय ते काढ."

बसलो. तिसऱ्याच प्रश्नाला साहेबांनी पकडलं. "काय शोधतोयस?"

"त्यांना औषध, आम्हाला सुरी. असं का?"

तुमच्यापैकी कोण चिडलं नसतं? साहेबांचेही कान लाल झाले. पण त्यांनी त्या बाईंना विचारलं, "हरकत नसेल तर यांच्या आत्यांशी बोलाल?"

पडद्याआड दोघी, मधे दुभाष्या मी, पाठ फिरवून. बाई म्हणाल्या, "माझी गाठ मोठी. आधी औषधाने आकसवतायत. सुरी मलाही चुकलेली नाही. तुमची केवढी?"

आत्या बाहेर येऊन काकांना म्हणाली, "माझी लहान आहे. वाढायच्या आत काढू दे."

"तिला पढवलं नसेल कशावरून?"

"दादा, गाठ तुझ्या छातीत आहे का?"

ऑपरेशन झालं. आत्या आज ठणठणीत आहे. तरी आली नाही. म्हणाली, "साहेबांचं निवृत्तीचं वय तर दिसत नाही, कुणी घालवलं तर नाही ना, बघ. आणि नवे कोण येतायत त्यांनाही न्याहाळून ये."

नवे डॉक्टरसाहेब, तुम्ही समोरच बसलाय. माझं मत मी घरी सांगेन. फक्त एक मागणं. आमच्यातलं कुणी तुमच्या पेशंटला खोदून खोदून विचारताना दिसलं, तर रखवालदाराला हाक मारू नका. आत कुणाचा तरी होकार त्यावरच अडलेला असतो.

साहेब, तुमचे आभार. बोलू दिलंत म्हणून यजमानांचेही. काही वावगं निघालं असेल तर ते परक्या भाषेच्या खात्यावर टाका, आणि मला जेवायला बसू द्या.